राष्ट्रकुलात असलो म्हणून राजाची प्रजा नव्हे

'भारत अजून राष्ट्रकुलात आहे, म्हणजे कागदोपत्री आपण ब्रिटिश राजाच्याच अमलाखाली' हा मेसेज पुन्हा फिरतोय. साफ चूक. राष्ट्रकुल (कॉमनवेल्थ) ही मुख्यतः ब्रिटनच्या जुन्या वसाहतींची संघटना. एप्रिल १९४९च्या लंडन जाहीरनाम्यात नेमका हाच प्रश्न निकाली निघाला: भारत प्रजासत्ताक होणार, राजाशी निष्ठेचं बंधन नाही, राजा फक्त सदस्य देशांच्या स्वेच्छेनं एकत्र असण्याचं प्रतीक. आज ५६ सदस्यांपैकी ब्रिटन धरून १५ देशांचाच चार्ल्स राजा आहे. एकेकाळी गोव्यासारखाच पोर्तुगिजांच्या ताब्यात असलेला मोझांबिक तर १९९५मध्ये आपणहून आत आला! बाहेर पडायलाही कुणाची परवानगी लागत नाही. मालदीव २०१६मध्ये गेला, २०२०मध्ये परतला. सदस्यत्वाचा आपल्याला उपयोग किती, यावर खुशाल भांडा. मलाही तो फारसा दिसत नाही.