खर्च करायलाही सराव लागतो

पैसा आणि सुख हा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, "पैशाने सुख विकत घेता येत नाही." दोन, "आयुष्य एकदाच मिळतं, जगून घ्या." पहिलं वाक्य बहुतेकदा ज्यांची आधीच सोय झालेली असते ते म्हणतात. दुसरं म्हणणारा बऱ्याचदा आपल्याला काहीतरी विकत असतो. दोन्हींचा कंटाळा आलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिल्या वाक्यात फार दम नाही. २०१० साली डॅनियल कानेमन आणि अँगस डीटन या संशोधकांनी अमेरिकेतल्या पाहणीवरून मांडलं होतं, की वर्षाला साधारण ७५,००० डॉलरच्या पुढे कमाई वाढली तरी माणसाचं रोजचं बरंवाईट वाटणं फारसं सुधारत नाही. हा आकडा जगभर फिरला, भाषणांत वापरून वापरून गुळगुळीत झाला. मग २०२१ मध्ये मॅथ्यू किलिंग्जवर्थ यांनी हजारो लोकांना दिवसातून अधूनमधून फोनवरच "आत्ता कसं वाटतंय" असं विचारलं आणि उलटंच निघालं. आलेख कुठे थांबतच नव्हता. यावर कानेमन आणि किलिंग्जवर्थ यांनी एकमेकांची उणीदुणी काढली नाहीत. बार्बरा मेलर्स यांना मध्यस्थ म्हणून घेतलं, एकत्र बसून आकडे पुन्हा तपासले आणि २०२३ मध्ये तिघांच्या नावाने निबंध छापला. (इथे कमेंटमध्ये असं घडलेलं कुणी पाहिलं असेल तर कळवा.) निष्कर्ष असा, की बहुतेकांचं समाधान कमाईबरोबर वाढतच राहतं. जे मुळात सर्वात दुःखी आहेत त्यांचंच एका पातळीनंतर अडकतं. जवळचं माणूस गेल्याचं दुःख किंवा नैराश्य पगारवाढीने कसं हलणार?

फक्त ही वाढ पटीच्या हिशेबाने होते. कमाई दुप्पट झाल्यावर जेवढा फरक पडतो, पुन्हा तेवढाच फरक पडायला ती आणखी दुप्पट व्हावी लागते. म्हणजे हातावर पोट असलेल्याला थोडक्या पैशात जो दिलासा मिळतो, तो पुढे गेलेल्याला मिळवायला ढीगभर लागतो. हातावर पोट असलेल्याला "पैशात काय ठेवलंय" म्हणून सांगू नये एवढं तारतम्य आपल्याला हवं.

पण मला बोलायचंय ते मधल्या लोकांबद्दल. ज्यांच्याकडे पुरेसं आहे, कर्ज फिटलंय, आजारपणाची तजवीज आहे, आणि तरी हात सैल होत नाही. त्यांना आपण सरसकट कंजूष म्हणून मोकळे होतो. २००८ मध्ये रिक, क्रायडर आणि लोवेनस्टाइन या तिघांनी तेरा हजारांहून जास्त लोकांची पाहणी केली, तेव्हा उधळ्यांपेक्षा हात आखडलेलेच जास्त निघाले, साधारण दोनास तीन. त्यांनी एक फरक दाखवलाय तो मला फार पटला. काटकसरी माणसाला पैसे वाचवण्यात आनंद असतो. हात आखडलेल्याला तसला आनंदही नसतो. त्याला पैसे देताना दुखतं, आणि म्हणून त्याला स्वतःला जेवढा खर्च करायला आवडला असता त्यापेक्षाही तो कमी करतो. म्हणजे खर्चही नाही आणि शिलकीचं सुखही नाही.

हे येतं कुठून? सोपं आहे. कमाईच्या सुरुवातीची वीस-पंचवीस वर्षं माणूस एकच गोष्ट घोटत असतो: आत्ता नको, नंतर. ती सवय त्याला वर काढते, यात शंकाच नाही. पण परिस्थिती बदलली हे सवयीला कुणी कळवत नाही. खात्यातली शिल्लक वाढते, मन मात्र जुन्याच पासबुकाकडे बघून चालत राहतं.

ओळखीतल्या एका निवृत्त गृहस्थांचं उदाहरण जवळून पाहिलेलं आहे. डोंगर चढायची हौस. चांगले भक्कम बूट घेतले आणि "मोठ्या मोहिमेला काढू" म्हणून खोक्यात ठेवून दिले. लहानसहान चढायांना जुनेच झिजलेले. वर्षं गेली. एकदा सगळं जुळून आलं, खोकं उघडलं. बूट कोरे करकरीत, आत कोंबलेला कागदसुद्धा तसाच. पायात चढवून चार पावलं टाकली आणि टाचेखालचा थर भुसभुशीत होऊन गळायला लागला. त्या सोलमध्ये पॉलियुरेथेन असतं, हवेतल्या ओलाव्याने ते हळूहळू तुटत जातं, आणि बंद खोक्यात ठेवल्याने ते थांबत नाही. गृहस्थ हसले आणि म्हणाले, "मी आणि बूट, दोघंही ठेवून ठेवूनच गेलो." गुडघेही बोलायला लागले होते ना!

'नंतर' म्हणताना आपण गृहीत धरतो की पैसा जसा साठतो तशी मजाही साठते. मजेला लागतात पाय, दात, डोळे, झोप आणि सोबतीला माणसं. यातलं काहीच व्याजाने वाढत नाही. वर आपला अंदाजही चुकतो. शू आणि नीझी या संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. काहींना तीन आठवड्यांच्या मुदतीचं भेटकूपन दिलं, काहींना दोन महिन्यांचं. लांब मुदतवाल्यांना वाटलं होतं आपण नक्की वापरू. प्रत्यक्षात कमी मुदतीची कूपनंच जास्त वापरली गेली. वेळ भरपूर आहे असं वाटलं की आनंदाची गोष्टसुद्धा आपण ढकलतो, आयकर विवरणपत्र ढकलावं तशी.

उधळ्यांना यातून सूट नाही. हप्त्यावर फिरायला जाऊन "जगून घेतलं" म्हणणाऱ्यांचं मला खरंच कौतुक वाटत नाही. सहल पाच दिवसांत संपते आणि हप्ते वर्षभर चालतात, मग प्रत्येक हप्त्याला ती सहल थोडी थोडी कडू होते. प्रेलेक आणि लोवेनस्टाइन यांनी १९९८ मध्येच दाखवलं होतं की टिकाऊ यंत्राचे पैसे लोकांना नंतर दिलेले चालतात, पण सहलीचे आधीच देऊन मोकळं व्हायला आवडतं. आधी दिलेला पैसा विसरला जातो. हात आखडलेल्यांनी तर हे जरूर करून पाहावं. एकदाच काय ते दुखून घ्यायचं, म्हणजे ऐन मजेच्या वेळी डोक्यात मीटर पळत नाही.

आणखी एक गोष्ट श्रीमंतांनाही जमत नाही, हे वाचून मला जरा बरंच वाटलं. २०१७ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात ८१८ डच धनाढ्यांना विचारलं होतं, नावडती कामं दुसऱ्याकडून करून घेण्यावर तुम्ही काही खर्च करता का? जवळजवळ निम्मे म्हणाले, काहीच नाही. त्याच अभ्यासात वेळ विकत घेणारी माणसं एकूण जास्त समाधानी दिसली. पैसा आहे, न आवडणारं काम आहे, ते आनंदाने करायला तयार असलेला माणूसही आहे. तरी नाही.

"मुलांसाठी ठेवतोय" हे उत्तर मला माहीत आहे. ठेवा की. जुन्या सुभाषितात धनाच्या तीनच गती सांगितल्यात: दान, भोग आणि नाश. मुलांना द्यायचं तर त्यांना गरज असताना, आपल्या डोळ्यांदेखत द्या, म्हणजे ते पहिल्या गतीत तरी मोजलं जाईल. मुलंच पन्नाशीची झाल्यावर पोचलेल्या पैशाचं ती काय करणार? तीही ठेवूनच देणार, सवय घरचीच आहे.

आमच्या घरी सध्या महिन्याच्या हिशेबात 'मौज' नावाची एक ओळ आहे. रक्कम लहानशीच. नियम एवढाच की ती पुढच्या महिन्यात जात नाही, त्या महिन्यात संपवायची. सुरुवातीला ती तशीच पडून राहिली, कारण आपल्याला नक्की काय आवडतं हे घरात कुणालाच पटकन सांगता येईना. एकेकाने वह्या काढून यादी करायला घेतली, तीही पुसून पुन्हा लिहिली. आता रक्कम पुरत नाही अशी तक्रार आहे, आणि तक्रार करणाऱ्यांत सगळ्यात वरचा आवाज माझा आहे.