जलकुंभीवरचा सोंडकिडा गव्हाच्या कोठीत येत नाही

इंदूरच्या मराठी घरांत फिरणारा एक संदेश बजावतो की, सिरपूर तलावात किंवा कान्ह नदीत जलकुंभी खाणारे सोंडकिडे सोडले, तर ते पंधरवड्यात पाणी मोकळे करतील, मग उपाशीपोटी भातशेतीत आणि घरच्या गहू-तांदळात शिरतील, शिवाय मासेही मरतील. (जलकुंभी म्हणजे महाराष्ट्रातली जलपर्णी, आपल्याकडे माळव्याचाच शब्द रुळला आहे.)

आधी घरच्या धान्याचे पाहू. तांदळातला सोंडा आणि जलकुंभीवरचा निओचेटिना या दोघांनाही सोंड आहे, एवढ्यावरून त्यांचा आहार एक ठरत नाही. सोंड्याची मादी कोरड्या दाण्याला भोक पाडून आत अंडे घालते आणि अळी दाण्यातच वाढते. निओचेटिनाची अळी मात्र जलकुंभीचा देठ पोखरत बुडख्यापर्यंत उतरते आणि पाण्याखाली, त्याच झाडाच्या जिवंत मुळावर, मुळांचे तंतू गुंफून कोष करते. कोठीत हे सारे कुठून मिळणार? जलकुंभी संपली की त्याचा वंशही तिथेच खुंटतो.

भातशेतीची शंका मी हसण्यावारी नेणार नाही. पाण्यात राहून भाताची मुळे खाणारे सोंडकिडे खरोखरच आहेत. अमेरिकेतला असा एक किडा १९७६ मध्ये जपानमध्ये आढळला आणि तिथल्या भाताला मोठा उपद्रव ठरला. पण तो कोणी तण मारण्यासाठी सोडलेला नव्हता. तणासाठी निवडलेल्या किड्यांना आधी पिकांवर उपाशी ठेवून पारखले जाते. निओचेटिनाच्या दोन जाती १९८२-८३ मध्ये बंगळूरला आल्या. त्याच सुमारास केरळात साल्विनिया या तरंगत्या नेच्यावर जेमतेम २ मिलिमीटर लांबीचा सर्टोबॅगस हा सोंडकिडा सोडला गेला, तोही भाताच्या मुलखात; साल्विनिया हटला, भात राहिला. आपल्या राज्यात, बैतूल जिल्ह्यातल्या सारणीच्या जलाशयातही तोच किडा सोडलेला आहे.

पंधरवडा ही तर निव्वळ थाप आहे, कारण निओचेटिनाच्या एका पिढीलाच दोन-तीन महिने लागतात. युगांडाने व्हिक्टोरिया सरोवरात १९९५ च्या अखेरीस हे किडे सोडले. जलकुंभी ठळकपणे ओसरायला १९९८ उजाडले. सांडपाण्यावर पोसलेली जलकुंभी किड्यांच्या खाण्यापेक्षा वेगाने वाढू शकते, आणि मध्येच यंत्राने ती सगळी उपसली, तर देठातल्या अळ्याही तिच्याबरोबर कचऱ्यात जातात.

राहिले मासे. किडा त्यांना काही करत नाही. दाट थर एकदम कुजला, तर पाण्यातला प्राणवायू घटतो. हा धोका तणनाशकाने अधिक, कारण त्याने सगळी झाडे एकाच वेळी मरतात, तर किड्यांनी पोखरलेली हळूहळू बुडतात. तरीही लहान तळ्यात मेलेली झाडे वेळच्या वेळी बाहेर काढलेली बरी.