सहा फुटी टाकी आणि सहा आठवड्यांची वाट: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

घरी सहा फुटी फिश टँक लावण्यावरचा लेख तुम्ही बारकाईने वाचलात, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचे आक्षेप थोडक्यात असे. लेखाचा निम्मा भाग स्लॅब, काच आणि पाइपांवर गेला आणि माशांच्या वाट्याला जेमतेम एक परिच्छेद आला. वजनाची भीती अवाजवी आहे. सम्प, म्हणजे टाकीखाली ठेवलेली गाळणीची उघडी टाकी, हा उगाच खर्च; चांगला कॅनिस्टर, म्हणजे बंद डब्यातला फिल्टर, पुरतो. तुमची चार फुटी टाकी दुकानदाराने एका दिवसात लावून दिली, 'त्याच्याकडचा चालू स्पंज आत ठेवला', दुसऱ्या दिवशी मासे सोडले आणि तीन वर्षं सगळं सुरळीत आहे. तेव्हा सहा आठवडे नुसतं पाणी फिरवत बसा हा सल्ला नव्या माणसाला पळवून लावणारा आहे. शिवाय नवसागराचं प्रमाण जास्त वाटतं.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण तो बरोबर आहे. माशांच्या घाणीतून येणारा अमोनिया पचवणारे जिवाणू आधीच वाढावेत म्हणून लेखात मासे सोडण्यापूर्वी लिटरला ४ मिलिग्रॅम अमोनिया ठेवायला सांगितलं होतं. २ पुरतो. लेखात दुरुस्ती केली आहे. ६ × २ × २ फुटांच्या टाकीत वरून दोन इंच सोडून भरलं की सुमारे ६०० लिटर पाणी बसतं, सम्पमध्ये आणखी १०० धरा. या ७०० लिटरना २ मिलिग्रॅमच्या हिशेबाने साधारण ४.५ ग्रॅम अमोनियम क्लोराइड, म्हणजेच नवसागर, लागतो. तो चमच्याने मोजू नका, छोटा डिजिटल काटा वापरा. कल्हईसाठी मिळणारा नवसागरही नको, त्यात काय मिसळलेलं आहे ते कळायला मार्ग नाही. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानातून शुद्ध घ्या.

जास्त डोसचा तोटा कुठे होतो, हे लेखात यायला हवं होतं. अमोनियाचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करताना जिवाणू पाण्यातला कार्बोनेट कठीणपणा, म्हणजे केएच, खर्च करतात. २ मिलिग्रॅमचा एक डोस पचला की केएच अंदाजे ०.७ अंशाने उतरतो. समजा तुमच्या नळाच्या पाण्याचा केएच ३ आहे. २ चे चार डोस किंवा ४ चे दोनच डोस झाले की तो संपत येतो, पीएच ६.५ च्या खाली घसरतो आणि जिवाणूंचं काम जवळपास थांबतं. टेस्ट किटवर अमोनिया दिवसेंदिवस तसाच दिसतो. इथे बहुतेक जण जिवाणू मेले असं समजून दुकानातली जिवाणूंची आणखी एक बाटली ओततात. बाटलीची गरज नसते, गरज असते खाण्याच्या सोड्याची. ७०० लिटरना केएच एक अंशाने वाढवायला सुमारे २१ ग्रॅम सोडा लागतो. तो बादलीत विरघळवून सम्पमध्ये हळूहळू सोडायचा. मुंबईसारख्या मऊ तलावपाण्याच्या शहरात हे हमखास घडतं. दख्खनच्या पठारावर बोअरचं पाणी सहसा कठीण असतं, तिथे केएचची चिंता नसते, पण दुसरी असते. तिच्याकडे वळतोच.

आता सहा आठवडे. तुमचा अनुभव खरा आहे आणि त्याचं कारणही तुम्हीच लिहिलं आहे: दुकानदाराने ठेवलेला चालू स्पंज. त्या स्पंजावर नायट्रीकरण करणारे जिवाणू आधीच वाढलेले होते, आणि तुम्ही सुरुवातीला दहाच लहान मासे सोडलेत. म्हणजे तुमची टाकी जिवाणूंच्या हिशेबाने नवी नव्हतीच. सगळं काही शून्यापासून उभं करायचं तर हे जिवाणू फार सावकाश वाढतात. सडका खाऊ खाणारे जिवाणू अर्ध्या तासात दुप्पट होऊ शकतात, यांना दुप्पट व्हायला साधारण अर्धा ते एक दिवस लागतो. त्यातही नायट्राइट पचवणारे मागून येतात, म्हणून अमोनिया शून्यावर येऊनही नायट्राइट दोन-तीन आठवडे चढलेलाच राहतो. दुकानातल्या कित्येक बाटल्यांवर नायट्रोबॅक्टर हे नाव असतं. पण गोड्या पाण्याच्या टाक्यांमध्ये हे काम मुख्यतः नायट्रोस्पिरा गटातले जिवाणू करतात, असं १९९८ मध्येच दिसून आलं आहे. त्यामुळे बाटली घ्यायचीच तर हे नाव पाहून, आणि उन्हात ठेवलेली नको.

सहा फुटीसाठी तुमच्याकडे याहून चांगली सोय आहे. चार फुटी टाकीतला निम्मा स्पंज किंवा निम्मे सिरॅमिकचे तुकडे काढा, त्याच टाकीच्या पाण्यात बुडवून तासाभराच्या आत नव्या सम्पमध्ये ठेवा. निम्म्याहून जास्त काढू नका, नाहीतर जुनी टाकी अडचणीत येईल. मग २ मिलिग्रॅमचा डोस द्या आणि २४ तासांनी मोजा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दाखवेपर्यंत थांबायचं. हे आठ-दहा दिवसांतही होऊ शकतं. लेखात मी सहा आठवडे हा आकडा जणू नियम म्हणून लिहिला, तो तसा नाही. नियम २४ तासांच्या चाचणीचा आहे. ती दहाव्या दिवशी पार पडली तर दहाव्या दिवशी ५० टक्के पाणी बदला, साचलेला नायट्रेट खाली आणा आणि पहिले मासे सोडा. पंचेचाळिसाव्या दिवशीही पार पडली नाही तर केएच तपासा.

आता बोअरच्या पाण्याची ती दुसरी चिंता. कठीण पाण्याचा पीएच सहसा जास्त असतो. टेस्ट किट जो अमोनिया दाखवतं, त्यातला विषारी भाग पीएचप्रमाणे बदलतो. २५ अंश तापमानाला पीएच ७ असताना एकूण अमोनियाचा अर्ध्या टक्क्याहून थोडा जास्त भाग विषारी रूपात असतो. पीएच ८ ला तोच पाच टक्क्यांच्या वर जातो, म्हणजे जवळजवळ दहापट. एखाद्याने 'दुसऱ्याच दिवशी मासे सोडले, काही झालं नाही' असं सांगितलं तर त्याच्याकडे कोणतं पाणी आहे हे आधी विचारावं. तुमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर येतो असं तुम्ही लिहिलंय. टँकरचं पाणी बहुधा बोअरचं किंवा विहिरीचं असतं, म्हणजे मार्चपर्यंत एक पाणी आणि एप्रिलपासून दुसरंच. पाणी बदलण्याआधी पीएच आणि केएच मोजायची सवय या घरात तरी हवीच.

वजनाकडे येतो. पाणी ६०० किलो, १२ मिलिमीटरची काच सव्वाशे, स्टँड ७०, दीड इंच वाळू ६०, दगड ३०, पाण्यासकट सम्प १४०. बेरीज एक टनाच्या किंचित वर जाते, आणि ती बारा चौरस फुटांवर उभी राहते. राहत्या खोल्यांसाठी आयएस ८७५ या मानकात स्लॅबवरचा चल भार, म्हणजे माणसं आणि सामान यांचा भार, चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने २०० किलो, धरलेला आहे. टाकीखाली तो नऊशेच्या घरात जातो. तुमचं म्हणणं असं की १० × १२ फुटांच्या खोलीचा एकूण हिशेब सव्वादोन टन होतो, मग एक टनाने काय बिघडणार? चांगल्या आरसीसी इमारतीत, बीमवर बसलेल्या भिंतीला लगटून ठेवली तर बहुतेक वेळा खरंच काही बिघडत नाही, आणि ही गोष्ट लेखात स्पष्ट लिहायला हवी होती. अडचण खोलीच्या मध्यावर येते. तिथे सरासरी कामाला येत नाही. शिवाय पाहुणे रात्री घरी जातात, टाकी दहा वर्षं तिथेच उभी असते. अशा कायमच्या भाराखाली काँक्रीट हळूहळू वाकतं. स्लॅब कोसळेल असं नव्हे, पण स्टँडची पातळी जाते आणि ताण काचेच्या जोडावर येतो.

बीम कुठे आहे ते ओळखायची सोपी युक्ती: सगळे मजले सारखे असतील तर आपल्याच छताकडे पाहा. जिथे डोक्यावर बीम दिसतो, तिथेच बहुधा पायाखालीही असतो. स्लॅबवर नुसती उभी केलेली चार इंची विटांची आडभिंत म्हणजे आधार नव्हे, उलट तिचाच भार स्लॅबवर असतो. लाकडी तुळयांच्या वाड्यात किंवा जुन्या चाळीत वरच्या मजल्यावर आणि कोणत्याही इमारतीच्या बाल्कनीत ही टाकी ठेवू नका. शंका असेल तर इमारतीचे नकाशे घेऊन स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

हे सगळं लेखात इतकं लांबलं कारण चुकलेला मासा बदलता येतो. भरलेली एक टनाची टाकी मात्र बोटभरसुद्धा सरकवता येत नाही.

काचेचंही तसंच. दुकानात १० मिलिमीटरमध्ये सहा फुटी टाकी स्वस्तात करून देतात. पाण्याचा दाब खोलीवर अवलंबून असतो, हे खरं, पण लांबी वाढली की काच मध्ये जास्त फुगते. २२ इंच पाणी भरल्यावर समोरच्या एका काचेवर एकूण रेटा २८५ किलोंच्या आसपास असतो. म्हणून १२ मिलिमीटर, आणि वरच्या कडेने आडव्या पट्ट्या. भोकं पाडायची असतील तर तळाला टफन्ड (तापवून कडक केलेली) काच नको, ती टफन केल्यावर भोक पाडताच फुटते. सिलिकॉन व्हिनेगरसारख्या वासाचं, साधं. बाथरूमसाठीचं बुरशीरोधक सिलिकॉन माशांना घातक आहे. जोड सात दिवस सुकू द्या. नंतर अंतिम जागी, अंतिम स्टँडवर, तीन टप्प्यांत भरून दोन दिवस ठेवा. स्टँड दोन इंची एमएस (साध्या पोलादाच्या) चौकोनी पाइपचा, वर १८ मिलिमीटर मरीन प्लाय. पातळी पारदर्शक नळीत पाणी भरून चारही कोपऱ्यांना पाहा. फरक असेल तर पाचर स्टँडच्या पायाखाली घाला, टाकी आणि प्लायच्या मध्ये कधीही नाही. टाकीखाली घातलेला थर्मोकोल फक्त बारीक खडबडीतपणा झाकतो, कललेली टाकी सरळ करत नाही.

सम्प हा तुमचा सर्वांत जोरदार आक्षेप. चार फुटी टाकीला कॅनिस्टर योग्यच आहे. पाणवनस्पतींसाठी कार्बन डायऑक्साइड सोडत असाल तर सहा फुटीलाही मी कॅनिस्टरच सुचवेन, कारण सम्पमध्ये तो वायू उडून जातो. पण मोठे, खादाड मासे आणि आपल्याकडची वीज एकत्र आली की गणित बदलतं. वीज गेली की कॅनिस्टरच्या बंद डब्यातले जिवाणू उरलेला प्राणवायू काही तासांत संपवतात, आणि वीज आली की ते कुजकट पाणी थेट टाकीत येतं. सम्प उघडा असतो, त्यामुळे तिथे हा धोका पुष्कळ कमी. उन्हाळ्यात याचं महत्त्व वाढतं: २५ अंशांना पाण्यात लिटरमागे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो, ३२ अंशांना ७.३. दोन्ही पद्धतींत इन्व्हर्टरवर पाच-दहा वॉटचा एअर पंप हवाच.

सम्पमुळे घरात पाणी होतं, हे तुम्ही लिहिलंत ते हिशेब चुकला तर होतं. ४ × १.५ × १.५ फुटांचा सम्प काठोकाठ २५५ लिटरचा. चालू असताना त्यात १०० ते ११० लिटर ठेवा. वरच्या टाकीत पाण्याचा एक इंच म्हणजे २८ लिटर. पंप थांबला की पाणी परतीच्या नळीतून उलटं खाली येतं, आणि नळीचं तोंड उघडं पडेपर्यंत येतच राहतं. तोंड एक इंच खाली असेल तर पाइपातलं धरून पन्नासेक लिटर. चार इंच खाली असेल तर १३० च्या आसपास, आणि सम्प काठाला लागतो. पाणी उलटं येऊ न देणाऱ्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर विसंबू नका, त्यात शेवाळ किंवा गोगलगाय अडकते. नळीला पृष्ठभागाच्या लगेच खाली एक छोटं भोक पाडा आणि ते दर महिन्याला साफ करा. उतरणीचे पाइप दोन हवेत: एक गेट व्हॉल्व्ह लावलेला मुख्य, दुसरा थोडा उंच ठेवलेला, एरवी कोरडा. पहिला तुंबला तर दुसरा घर वाचवतो. भरून झाल्यावर पंपाचा प्लग मुद्दाम पाचदा काढून पाहा.

विजेच्या जोडणीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, लावा. हीटर ६०० वॉटचा एक घेण्यापेक्षा ३०० चे दोन घ्या, थर्मोस्टॅट चालू स्थितीत अडकला तरी मासे उकडणार नाहीत.

मासे. तुमच्या यादीत दोन ऑस्कर, एक सिल्व्हर अरोवाना आणि एक सकर (काचेला चिकटून शेवाळ खाणारा मासा) आहे. ऑस्कर फूटभर होतात, दोघांना ही टाकी चांगली आहे. अरोवाना अडीच-तीन फूट वाढते, आणि दोन फूट रुंदीत तिला नीट वळता येत नाही. ती नकोच, 'पुढे मोठी टाकी घेऊ' म्हणूनही नको. दुकानातला दोन इंची सकर दीड फुटाचा होतो. असेच नकोसे झालेले सकर लोकांनी नद्या-तलावांत सोडले आणि आज ते उजनी धरणाच्या मच्छिमारांच्या जाळ्यात सापडतात. शेवाळासाठी ब्रिसलनोज हा सकरचा लहान भाऊबंद घ्या, तो पाच इंचांवर थांबतो. मात्र ऑस्करच्या तोंडात मावेल एवढा लहान घेऊ नका.

वाळू आणि दगडांवर बाथरूम धुण्याच्या ॲसिडचे दोन थेंब, हातमोजे घालून, टाकून पाहा. फेस आला तर चुना आहे, त्याने पाण्याचा कठीणपणा वाढत राहील. आपला काळा बेसाल्ट उत्तम.

'महिन्यातून एकदा सगळं पाणी काढून टाकी धुवायची' हे तुमच्या दुकानदाराचं वाक्य मात्र सोडून द्या. दर आठवड्याला २५ टक्के, म्हणजे १५० लिटर, पुरेसं आहे. बादलीने ते दहा खेपांचं काम होतं आणि तिसऱ्या महिन्यात कंटाळा येतो. त्यासाठीच लेखात बाथरूमपर्यंतचा पाइप आणि २०० लिटरचा निळा ड्रम होता. ड्रममध्ये पाणी एअर स्टोन लावून एक-दोन दिवस ठेवलं की साधं क्लोरीन उडून जातं.

टाकी ज्या भिंतीला लावायची ती बीमवर आहे का, आणि नळाच्या व टँकरच्या पाण्याचे पीएच-केएच किती, हे आकडे इथेच खाली लिहा. त्यावरून तुमच्या घरापुरता सोड्याचा आणि पाणी बदलण्याचा हिशेब मांडून देतो.