फॉरमॅट मारण्याआधी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार भाऊ,

गेम रखडला की फॉरमॅटआधी तापमान आणि धूळ तपासा, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया सडेतोड आहे, म्हणून उत्तरही जरा लांबणार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: गेम अचानक रखडायला लागला की तापमान, धूळ, क्लॉक स्पीड (चिप किती वेगाने चालतेय) बघत बसणं हे रिकामटेकड्यांचं काम. सरळ विंडोज फॉरमॅट मारावं, नाहीच जमलं तर नवं ग्राफिक्स कार्ड घ्यावं. पुरावा म्हणून तुमच्या मुलाचा पीसी. डिसेंबरात गेम मस्त पळायचा, मार्च संपताना अर्ध्या तासाने रडायला लागला, दुकानात फॉरमॅट केला आणि सुरळीत झाला. वर टोमणा, की नाशिकच्या हवेत कसलं आलंय तापणं, हे काय जळगाव आहे?

जळगाव नाही, मान्य. पण निफाडच्या थंडीचं कौतुक डिसेंबर-जानेवारीत ठीक. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडेही पारा चाळिशीला टेकतो, आणि वरच्या मजल्यावरचा स्लॅब संध्याकाळपर्यंत उष्णता सोडत राहतो. प्रोसेसरवर बसवलेला कूलर (हीटसिंक म्हणजे धातूची पाती आणि वर पंखा) चिपला खोलीच्या हवेपेक्षा थंड करूच शकत नाही. खोली जितकी तापेल, साधारण तितकीच चिपही वर सरकते. डिसेंबरात खोली २४ अंशांवर आणि प्रोसेसर ७८ वर असेल, तर खोली ३६ झाली की तोच प्रोसेसर ९० च्या घरात. एएमडीच्या रायझन ५००० मालिकेतल्या बहुतेक डेस्कटॉप चिपची मर्यादा ९० अंशच आहे, इंटेलच्या बऱ्याच चिपची १००. तिथे पोचली की चिप स्वतःला वाचवायला वेग कमी करते. कुठलीही सूचना येत नाही, फक्त फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) पडतात.

तुम्ही लिहिलेला ‘अर्ध्या तासाने’ हा शब्दच मला सगळ्यात मोलाचा वाटला. विंडोज बिघडलं असेल तर ते अर्धा तास कशाला थांबेल? डेस्कटॉप यायच्या आधीपासून छळेल. थांबते ती उष्णता. आधी हीटसिंक भरतं, मग कॅबिनेटमधली हवा, आणि कॅबिनेट कॉम्प्युटर टेबलाच्या दार असलेल्या कप्प्यात कोंबलेलं असेल तर तीच गरम हवा पुन्हा आत.

मग फॉरमॅटने बरं कसं वाटलं? माझा अंदाज सांगतो. दुकानात मशीन टेबलावर आली की तिथला पोरगा आधी ब्लोअर मारून धूळ उडवतो, फॉरमॅट नंतर. बिलावर मात्र फॉरमॅटच लिहिलेला असतो.

इंदिरानगरात ओळखीतल्या एकाचा पीसी असाच रखडत होता. सोसायटीसमोर रस्ता खोदलेला, खिडकी कायम उघडी. त्याने पंखा पुसून चकचकीत केला होता, तरी फरक नाही. पंख्याचे चार स्क्रू काढून तो बाजूला केला, तर खाली हीटसिंकच्या पात्यांवर नमद्यासारखा करडा थर, नखाने उचलला तर अख्खा निघाला. पंखा फिरत होता, पण हवा जायला वाटच नव्हती. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वापर १०० टक्के दिसायचा, म्हणून तो प्रोसेसर बदलायला निघाला होता. खालचा ‘स्पीड’चा आकडा मात्र कुणी पाहिला नव्हता, गेम रखडला की तो बेस स्पीडच्याही (कंपनीने दिलेल्या मूळ वेगाच्या) खाली जायचा. (ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरा. नाहीतर तो सुसाट फिरून बेअरिंग जातं.)

आता तुमच्या बाजूचं. फॉरमॅट कधीच करू नये असं मी म्हटलेलं नाही. मशीन सुरू झाल्यापासूनच हळू असेल, काही चालू नसताना टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा वापर १०० टक्क्यांवर अडकलेला असेल, तर जरूर करा. फुकटच्या क्रॅक केलेल्या गेमसोबत मायनर (तुमच्या पीसीवर चोरून क्रिप्टो कमावणारे प्रोग्राम) येतात, त्यांच्यासाठीही तोच खात्रीचा उपाय. त्यातले काही लबाड टास्क मॅनेजर उघडताच गप्प बसतात. रिकाम्या डेस्कटॉपवर पंखे घोंघावताहेत आणि टास्क मॅनेजर उघडल्याबरोबर शांत झाले, तर समजून जा.

साफसफाईनंतर किंवा बायोस (मदरबोर्डमधला मूळ प्रोग्राम) अपडेट केल्यावर पीसी लगेच हळू झाला असेल, तर रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारं एक्सएमपी सेटिंग उडालेलं असू शकतं. ३२०० वेगाची रॅम २१३३ किंवा २४०० वर चालते. फॉरमॅटने ते परत येत नाही, बायोसमध्ये जाऊन चालू करावं लागतं. आणि खालच्या प्रतिक्रियांत एकांनी घरातल्या कमी व्होल्टेजला दोष दिलाय, तो डेस्कटॉपला लागू नाही. एसएमपीएसला (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याला) झेपलं नाही तर पीसी बंद पडतो, हळू होत नाही. लॅपटॉपला कमी वॅटचा चार्जर लावला तर मात्र तो खरोखर रखडतो.

मुलाचा पीसी पुन्हा रखडला, आणि मे महिना बघता रखडेल, तर लगेच फॉरमॅट करू नका. कॅबिनेट कप्प्याबाहेर काढा, बाजूचं झाकण उघडा, समोर टेबलफॅन लावा आणि तोच गेम अर्धा तास खेळू द्या. फ्रेम टिकल्या तर कूलर साफ करून नवी थर्मल पेस्ट (चिप आणि कूलरच्या मधला उष्णता वाहणारा लेप) लावा, खर्च तेवढाच. नाही टिकल्या तर रखडताना एचडब्ल्यूइन्फो या तापमान-वेग दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड, दोघांचं तापमान आणि क्लॉक किती दिसतं ते इथे टाका. कार्डाचे पैसे तोवर खिशातच राहू द्या.