बंदी आठवड्यांत नको, मॅचेसमध्ये मोजा

गेलिक फुटबॉल या आयरिश खेळातल्या दांडगाईला ब्लॅक कार्ड पुरेसं आहे म्हणे! अहो, ते कार्ड मुद्दाम खाली पाडणं, पाय घालणं असल्या उघड दिसणाऱ्या फाउलसाठी आहे, आणि त्यातही १० मिनिटं बाहेर बसवणं २०२० ला आलं, आधी तर बदली खेळाडू लगेच आत यायचा. खरी बदमाशी चालते ती बॉल लांब असताना. इथे डब्लिनला क्लब मॅचेस बघतो ना, डिफेंडर जर्सी मुठीत धरून उभा, मधूनच बरगडीत कोपर, रेफ्री बिचारा बॉलमागे पळतोय, आणि फॉरवर्डने वैतागून ढकललं की कार्ड त्यालाच!

२०२५ पासून रेफ्रीशी हुज्जत घातली की समोरच्या टीमची फ्री किक ५० मीटर पुढे जाते, तर सगळे कसे गुपचूप बॉल देतात बघा. जर्सी ओढणाऱ्यालाही हेच लावा की. आणि बंदीचं काय सांगता, २०२२ ला डब्लिनच्या क्रोक पार्क स्टेडियममध्ये आर्मा आणि गॉलवे या काउंटी टीम्सच्या राड्यात डोळ्यात बोटं घालणाऱ्या आर्माच्या खेळाडूला २४ आठवडे मिळाले, पण आर्मा तीच मॅच हरून बाहेर, काउंटीचा सीझन संपलेला, म्हणजे काउंटीपुरती तरी बंदी गेली सुट्टीत!