‘वही-पेन पुरे’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, हे कबूल करतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मॅरेथॉनच्या तयारीसाठी ॲप कसं निवडावं यावर एवढं लांबलचक लिहिणं हाच मुळात वेळेचा अपव्यय. ऑलिंपिक विजेता धावपटू झाटोपेककडे कुठलं ॲप होतं? वही, पेन आणि साधं घड्याळ पुरे. मी ज्याची तारीफ केली त्या ॲपने माझी स्पर्धा ४२.७ किलोमीटरची मोजली, म्हणजे त्याला धड अंतरही कळत नाही. आणि ‘ऑटो-पॉज (आपण थांबलो की ॲपचं घड्याळही थांबतं ती सोय) चालू ठेवा’ हा माझा सल्ला म्हणजे निव्वळ स्वतःची फसवणूक.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे तुमचं बरोबर आहे आणि माझं चूक. तुमचं वाचल्यावर माझी ३२ किलोमीटरची जुनी लाँग रन पुन्हा उघडून पाहिली. ॲप सांगतं, सरासरी पेस, म्हणजे एका किलोमीटरला लागणारा वेळ, ६:२० मिनिटं. मी खूश होतो, ४ तास २७ मिनिटांत मॅरेथॉन होणार म्हणून. पण घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंतचा वेळ पाहिला तर त्यात १४ मिनिटं जास्तीची. पाणी, बुटाची नाडी, सिग्नल, आणि खरं सांगायचं तर कमरेवर हात ठेवून उभं राहणं. ती धरली की पेस होतो ६:४६, आणि मॅरेथॉन जाते पावणेपाच तासांवर. स्पर्धेतलं घड्याळ कुणाच्या नाडीसाठी थांबत नाही. मूळ लेखातला तो परिच्छेद बदलला आहे. इंटरव्हलच्या (जोरात धाव, मग विसावा, असं आलटून पालटून) दिवशी काय ते करा, लाँग रनला ऑटो-पॉज बंद.

४२.७ चं मात्र ऐकणार नाही. मान्यताप्राप्त स्पर्धेचा मार्ग सायकलला जोन्स काउंटर (चाकाचे फेरे मोजणारं यंत्र) लावून मोजतात, तोही प्रत्येक वळणाला आतली कड धरून, म्हणजे धावता येईल अशा सर्वांत आखूड रेषेवर. वर मार्ग चुकूनही कमी भरू नये म्हणून हजारात एक, म्हणजे साधारण ४२ मीटर, जास्तीचे घालतात. आपण ती रेषा थोडीच धरतो? गर्दीतून वाट काढतो, पाण्याच्या टेबलाकडे तिरके जातो, वळणं बाहेरून घेतो. त्यात उंच इमारतींवर आपटून येणारे जीपीएसचे सिग्नल आणखी थोडी भर घालतात. त्यामुळे ॲपचा आकडा ४२.१९५ च्या पुढेच जाणार. नुकसान दुसरीकडे होतं, आणि ते तुम्ही लिहिलंच नाहीत: हे जास्तीचं अंतर धरून ॲप ६:२० दाखवत राहतं, आपण निर्धास्त, आणि शेवटी तीन मिनिटं उशीर. म्हणून स्पर्धेत स्क्रीनवरच्या पेसवर विसंबू नये. ज्या ॲपमध्ये किलोमीटरच्या पाटीपाशी हाताने लॅप (त्या टप्प्याचा वेळ) घेता येतो, तेच त्या दिवशी कामाचं.

आता झाटोपेक. १९५२ साली हेलसिंकीला त्याने ५ आणि १० हजार मीटरची सुवर्णपदकं खिशात घातली, आणि मग आयुष्यातली पहिलीच मॅरेथॉन धावून तीही जिंकली. त्याच्या पायांना जे कळायचं ते माझ्या पायांना कळत नाही, एवढाच फरक आहे. मला धावायला लावणाऱ्याची गरज नाही. जास्त धावू नको म्हणणाऱ्याची आहे.

मूळ लेखात हेच नीट मांडता आलं नाही. नकाशा, टाळ्या, बिल्ले सगळ्याच ॲपमध्ये असतात. ॲपची खरी परीक्षा होते आठवडा बुडाल्यावर. मागे एकदा तापामुळे माझे सहा दिवस गेले. तेव्हाच्या ॲपने (नाव सांगत नाही) बुडालेल्या तिन्ही रन उचलून पुढच्या आठवड्यात कोंबल्या, वर लाल अक्षरांत ‘तुम्ही मागे आहात’. मीही शहाणा, पाच दिवसांत ५८ किलोमीटर काढले. सहाव्या दिवशी जिना उतरताना डावी नडगी अशी ठणकली की कठड्याला धरून एकेक पायरी उतरलो. पुढचे तीन आठवडे धावणं बंद.

तेव्हापासून नवीन ॲप घेतलं की पहिल्या पंधरवड्यातच मुद्दाम चार दिवस दांडी मारतो आणि ते काय करतं ते बघतो. बुडालेलं सोडून देऊन पुढचा आठवडा हलका केला, तर ठेवतो. थकबाकी वसूल करायला लागलं, तर त्याच दिवशी काढून टाकतो. दुसरी गोष्ट, इझी रनच्या दिवशी ठरल्यापेक्षा जोरात धावलो तर ते शाबासकी देतं की हळू व्हायला सांगतं? शाबासकी देणारी बरीच आहेत. मॅरेथॉनच्या तयारीतले बहुतेक किलोमीटर गप्पा मारता येतील इतक्या सावकाश धावायचे असतात. आपल्याला ते जमत नाही, आणि ॲप त्यात आणखी चावी देतं.

वहीचा एक मुद्दा मात्र पटला. वही बंद पडत नाही, ॲप बंद पडतं किंवा एके दिवशी जुन्या नोंदी बघायचे पैसे मागतं. त्यामुळे सगळ्या रन जीपीएक्स फाइल (दुसऱ्या ॲपमध्येही उघडणारी मार्ग-वेळेची नोंद) करून बाहेर काढता येतात की नाही, हे पहिल्याच दिवशी तपासावं. हेही लेखात टाकलं आहे.

एक विचारायचं राहिलं. आठवडा बुडाला की तुमच्या वहीत ते पान तुम्ही कोरं सोडता, की पुढच्या पानावर दुप्पट लिहिता?