साउंडगार्डनच्या गळ्यात रूपक बांधू नका

‘अमेरिकेतल्या ग्रंज संगीताचा (म्हणजे सिअ‍ॅटलमधून आलेल्या जड, खरखरीत रॉकचा) खरा जनक एक भारतीय!’ असा फॉरवर्ड सध्या फिरतोय. त्यातला मजकूर थोडक्यात असा. सिअ‍ॅटलच्या साउंडगार्डन बँडचा गिटारवादक किम थायिल मूळचा केरळचा. त्याने आपला रूपक ताल रॉकमध्ये नेला. ‘स्पूनमन’ आणि ‘आउटशाइन्ड’ ही गाणी रूपकातच आहेत. गिटार तो तानपुऱ्यासारखी लावतो. ‘ब्लॅक होल सन’मध्ये सतारीचा आवाज आहे. बँडचं नाव नादयोगावरून पडलं. आणि हे सगळं गोऱ्यांनी दडपून ठेवलं. शेवटी अर्थातच ‘अभिमान वाटला तर पुढे पाठवा’.

एरवी दुर्लक्ष केलं असतं. पण भाचीच्या तबल्याच्या क्लासमध्ये हे वाचून गॅदरिंगसाठी ‘स्पूनमन’वर रूपकाचा ठेका बसवायला घेतलाय. तो बसत नाही म्हणून मुलांनाच बोलणी बसतायत. मुलांचं काही चुकत नाहीये. तो बसणारच नाही.

का ते पाहू. ‘स्पूनमन’चा मुख्य रिफ, म्हणजे गिटारवर पुन्हापुन्हा येणारा तुकडा, सात मात्रांचा आहे, हे खरं. रूपकही सात मात्रांचा, हेही खरं. फॉरवर्डची अक्कल इथेच संपते. रूपकाचा ठेका ‘ती ती ना । धी ना । धी ना’, म्हणजे तीन-दोन-दोन. त्याचं वैशिष्ट्य म्हणजे सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, ‘खाली’च्या जागी येते. पहिल्या मात्रेला डग्गा घुमत नाही, वजन चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर पडतं. आता ‘स्पूनमन’ लावा. गिटारची सहावी, सगळ्यात जाड तार ‘ई’ स्वरावरून ‘डी’वर उतरवलेली आहे आणि रिफचा सगळा भार पहिल्या ठोक्यावर आहे. तिथे तुम्ही ‘ती’ वाजवणार? गिटार जिथे सगळ्यात जोरात आदळते, नेमका तिथेच तबला हात आखडता घेतो. मग मुलं नकळत चौथ्या मात्रेला सम समजू लागतात आणि दोन आवर्तनांत गाडी रुळावरून घसरते. त्यातून कोरस आला की गाणं सातातून चारात जातं. आपल्याकडे बंदिशीत मुखड्याला एक ताल आणि पुढच्या ओळीला दुसरा, असं चालतं का?

बरं, सात मात्रा दिसल्या की रूपक, हा नियम लावायचा तर पिंक फ्लॉइडचं १९७३ सालचं ‘मनी’ही रूपकातच धरावं लागेल. त्याचाही रिफ सातात आहे. तिथे कोणाचे आईवडील केरळचे होते?

केरळचा मुद्दा काढलाच आहे तर तोही संपवू. केरळची शास्त्रीय परंपरा कर्नाटक संगीताची. तिथला रूपक प्रचारात सहा अक्षरांचा आहे. सात हवे असतील तर तिथे मिश्र चापू किंवा तिस्र त्रिपुट म्हणतात. म्हणजे घराण्याचा वारसाच सांगायचा झाला तरी फॉरवर्डवाल्याने हिंदुस्तानी ताल उचलून मल्याळी माणसाच्या नावावर खपवलाय. थायिलचा जन्म सिअ‍ॅटलचा, तो वाढला शिकागोजवळच्या पार्क फॉरेस्टमध्ये. आई संगीत शिकवायची, पण तिचं शिक्षण पियानोचं. त्याच्या कानावरचे संस्कार किस, एमसी फाइव्ह हे रॉक बँड आणि पंक यांचे.

शिवाय ही गाणी त्याची आहेत का, एवढं तरी बघायचं! ‘स्पूनमन’ आणि ‘आउटशाइन्ड’ दोन्ही बँडचा गायक ख्रिस कॉर्नेल याने लिहिलेली. ‘स्पूनमन’ ज्या अल्बममध्ये आहे त्या ‘सुपरअननोन’च्या श्रेयनामावलीत ड्रमर मॅट कॅमरनच्या नावापुढे वाद्य म्हणून चक्क भांडीकुंडी आहेत आणि गाण्यात चमचे वाजवणारा आर्टिस हा सिअ‍ॅटलच्या रस्त्यावरचा कलाकार. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खुद्द थायिलनेच मुलाखतीत सांगितलंय की गाणं तयार होईपर्यंत त्याच्या मात्रा किती याचा बँड सहसा विचारच करत नसे; असे विषम ताल निव्वळ अपघाताने येत. ज्याच्या नावाने हा डोलारा उभा केलाय तोच नाही म्हणतोय, यापुढे आणखी कसला पुरावा हवा? ‘माय वेव्ह’मध्ये पाच आणि चार आलटूनपालटून येतात, ‘लिमो रेक’ पंधराच्या हिशेबात आहे, ‘फेल ऑन ब्लॅक डेज’ सहात. हातात आलेला रिफ जिथे संपला तिथे आवर्तन संपलं, इतका सरळ प्रकार आहे. थायिलने एकट्याने लिहिलेलं विषम तालाचं गाणं हवं असेल तर १९९६ च्या ‘डाउन ऑन द अपसाइड’मधलं ‘नेव्हर द मशीन फॉरेव्हर’ ऐका. ते नऊच्या हिशेबात आहे. फॉरवर्डमध्ये त्याचं नावही नाही.

तानपुऱ्याचं म्हणणं मात्र अगदीच टाकाऊ नाही, हे नाइलाजाने मान्य करतो. ‘माय वेव्ह’ आणि ‘द डे आय ट्राइड टू लिव्ह’ या गाण्यांत गिटार ई-ई-बी-बी-बी-बी अशी लावलेली असते. ‘ई’ला षड्ज धरला तर ‘बी’ पंचम. सहाही तारा सा आणि प. ऐकताना मागे आस घुमत राहते, हे कबूल. पण त्यामागचं कारण वेगळं आहे. जोरदार डिस्टॉर्शनमधून, म्हणजे मुद्दाम फाटवलेल्या आवाजातून, षड्ज-पंचम एकत्र छेडले तर आवाज एकजीव आणि भरीव येतो, कारण दोन स्वरांचं गुणोत्तर ३:२ इतकं साधं आहे. तिथे गंधार घातला की अ‍ॅम्पमध्ये स्वर एकमेकांत मिसळून नुसता गढूळ गोंगाट होतो. म्हणून हेवी गिटारवाले पंचमाला चिकटून असतात. तानपुऱ्याची गंमत घोडीवरच्या जव्हारीत (घोडीच्या माथ्याला घासून दिलेल्या आकारात) आणि तारेखालच्या दोऱ्यात असते, आणि तो अखंड छेडायचा असतो. इथे त्याच तारांवर रिफ वाजतो. तार उतरवायची ही सवय सिअ‍ॅटलमध्ये आली ब्लॅक सॅबथ या बँडच्या वेडातून. सहावी तार ‘डी’वर आणायची युक्ती थायिलला मेल्विन्स बँडच्या बझ ऑसबोर्नकडून कळली.

कोणी हे घरी करून पाहणार असेल तर एक सूचना. पाचवी तार ‘ए’वरून ‘ई’वर न्यायची ती खाली, पाच अर्धस्वर. वर चढवायला जाल तर तुटेल. उतरवल्यावर ती ढिली पडून पडद्यांवर खरखरते आणि जोरात छेडली की सूर क्षणभर वर चढतो. ‘रस्टी केज’साठी सहावी तार ‘ई’वरून ‘बी’वर आणतात, तिथेही तीच तऱ्हा. उपाय म्हणजे जाड तार घालायची आणि त्या ट्यूनिंगसाठी वेगळी गिटार ठेवायची. एकाच गिटारवर दर गाण्याला ट्यूनिंग बदललंत तर मानेवरचा ताण बदलतो आणि बाकीच्या ताराही हलतात.

आता उरलेलं भराभर. ‘ब्लॅक होल सन’मधला गरगरता आवाज सतारीचा नाही. गिटार लेस्लीतून वाजवली आहे. हॅमंड ऑर्गनसाठी बनवलेला हा फिरता स्पीकर. फिरताना आवाज जवळ-लांब होतो, म्हणून स्वर हेलकावतो. पूर्वेकडची छटा ऐकायचीच असेल तर ‘सुपरअननोन’मध्येच ‘हाफ’ आहे, पण ते बँडच्या बेन शेफर्डने लिहिलं आणि गायलं. तोही केरळचा नव्हे. नाव नादयोगावरून नाही. सिअ‍ॅटलमध्ये लेक वॉशिंग्टनच्या काठी वाऱ्याने वाजणाऱ्या नळ्यांचं एक शिल्प आहे, त्यावरून पडलं. दडपलं म्हणावं तर १९९५ ला दोन ग्रॅमी, रोलिंग स्टोन मासिकाच्या २००३ च्या शंभर गिटारवादकांत थायिलचा समावेश, गिल्ड कंपनीची त्याच्या नावाची गिटार, आणि २०२५ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम. असं दडपणं कोणाला नको?

‘जनक’ मात्र म्हणू नका. बँड १९८४ मध्ये उभा राहिला तो कॉर्नेल, थायिल आणि बेसवादक हिरो यामामोटो या तिघांचा. १९८६ च्या ‘डीप सिक्स’ संकलनात त्यांच्याबरोबर ग्रीन रिव्हर, मेल्विन्स वगैरे आणखी पाच बँड आहेत. थायिलचं खरं मोठं काम वेगळंच आहे आणि फॉरवर्डवाल्याला ते ठाऊकच नाही: ब्रूस पॅव्हिट आणि जोनाथन पोनमन यांची गाठ त्याने घालून दिली. त्या दोघांनी सब पॉप ही रेकॉर्ड कंपनी उभी केली, १९८७ मध्ये साउंडगार्डनची ‘स्क्रीमिंग लाइफ’ ही रेकॉर्ड काढली आणि दोन वर्षांनी ‘निर्वाणा’ बँडचा पहिला अल्बम.

आणि गॅदरिंगला तबला घ्यायचाच असेल तर रूपक सोडा. चार अधिक तीन मोजा, पहिल्या मात्रेला डग्गा भरून ‘धा’ द्या, पाचवीला दुसरा ‘धा’. कोरसला सरळ चारावर या आणि रिफ परत सुरू होताना एकाने मोठ्याने मोजा.